डोक्याशी दुकान, पायाशी स्वयंपाकघर

सोमवार

ही वही सुनेने आणून दिली. म्हणाली, "आई, जे बोलावंसं वाटेल ते यात लिहा. डॉक्टर म्हणाले, मन गुंतलेलं असावं." डॉक्टर कशाला म्हणतोय. माझ्या तोंडाला झाकण हवंय हिला. असू दे. चौथीत शाळा सुटली तरी अक्षर पोरापेक्षा माझंच बरं आहे.

तर मी पडले. वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढले, आणि स्टूल, डबा आणि मी तिघं एकदमच खाली आलो. डबा शाबूत राहिला. माझं खुब्याचं हाड गेलं. आता आत लोखंडी सळी बसवलीय. सायकल दुरुस्तीच्या घरात शेवटी मलाही लोखंड लागलं.

माझी खाट मधल्या खोलीत टाकलीय. डोक्याशी दुकानाचं दार, पायाशी स्वयंपाकघराचं. धूळ नको म्हणून एक बंद, धूर नको म्हणून दुसरं बंद. मला दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. मुलगा डोक्याकडून येतो, सून पायाकडून. बरोबर आहे, ज्याची त्याची बाजू.

संध्याकाळी भावोजी आले होते. यांचे धाकटे भाऊ. दुकानाचा गाळा अर्धा त्यांचा, त्यामुळे खुर्चीवर बसतानासुद्धा मालकासारखे बसतात. म्हणाले, "वहिनी, दादा गेला आणि दुकानातलं चाक गेलं. लोक पुढच्या चौकात जातात. तुम्ही हिंडाफिरायला लागेपर्यंत बघतो. तोवर सुधारलं नाही तर गाळा मोबाइलवाल्याला देऊन टाकू. तो मागतोच आहे."

मुलगा बुटाच्या टोकाकडे बघत उभा. मी म्हटलं, "सुधारेल. बापाचा हात आहे." भावोजी म्हणाले, "हात असेल हो वहिनी, पण चाक डुलतंय."

ते गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडले. दुकान गेलं तर या घरात नुसती खाट उरेल.

गुरुवार

आज रस्सा बरा होता. बरा म्हणजे मी परत मागितला. सुनेला इतकी वर्षं ओरडून शिकवलं ते आता कुठे अंगी लागलं. पूर्वी तिच्या रश्शात पाणी एकीकडे आणि तिखट एकीकडे, जसे काही भांडून बसलेत. मी म्हटलं, "आज मन लावून केलंस." तर म्हणते, "हो." वर हसली. रांधण्याच्या कामात हसण्यासारखं काय आहे?

तिची नखं काळी झालीत. म्हटलं हे काय? म्हणाली, कढईची काजळी. म्हटलं, बाई गं, लिंबू चोळ, लोकांना वाटेल गटार साफ करतेस.

शनिवार

मुलगा चहा घेऊन आला. पायाकडून! म्हटलं, "दुकान उघडं टाकून चहा आणतोस? ती कुठे उलथली?" म्हणाला, "न्हाणीत आहे." म्हटलं, "दुकानात कोण?" म्हणाला, "आत्ता जातो." आणि परत पायाकडूनच गेला. बाहेरच्या बोळातून म्हणे जवळ पडतं. याचं डोकं लहानपणापासून असंच, सरळ रस्ता सोडून वळसा.

त्याच्या बोटाला चिकटपट्टी होती. चाकाचा आरा लागला म्हणाला. अंगाला कांद्याचा वास येत होता. हल्ली ग्रीसमध्येसुद्धा काय काय मिसळतात.

मंगळवार

लिहायला हात शिवशिवतोय. आज दुकानातून आऊट काढल्याचा आवाज आला. चाक डुलायला लागलं की त्याचे आरे कमीजास्त आवळून ते सरळ करायचं, त्याला आऊट काढणं म्हणतात. सायकलवाल्याचं खरं काम ते. पंक्चर काय, कोणीही काढेल.

तर आधी आवाज आला: टिंग, टिंग, ठप. एक आरा सैल. मग चावी फिरल्याची कुरकुर. मग टिंग, टिंग, टिंग. ओळीने, एका सुरात. मी खाटेवरून ओरडले, "शाब्बास रे माझ्या वाघा!" दुकानात सगळं एकदम गप्प झालं. लाजला असेल.

शेवटी रक्त बोलतं. मी डोक्यावर बसलेली नसले की पोरगा काम करतो, एवढंच त्यातून दिसलं. हे सुनेला सांगणार नाही.

शिलाईवाली आली होती, शेजारची. तिला सगळं सांगितलं. पोराच्या हाताला कसं बापाचं वळण आलं, सून कशी रांधायला शिकली. ती ओढणी तोंडाला लावून खोकत राहिली. म्हटलं, दवाखान्यात दाखव. म्हणाली, "नाही हो मावशी, तुमचं ऐकून जीव गार झाला." ही बाई मला कधीच कळली नाही. अख्ख्या गल्लीचे ब्लाऊज हिच्याकडे आणि अख्ख्या गल्लीच्या गोष्टी पण.

रविवार

भावोजी जेवायला आले. मीच बोलावलं. त्यांनी सायकल आधीच दुकानात सोडली होती, पुढचं चाक डुलत होतं म्हणून. जेवताना म्हणाले, "वहिनी, चाक झकास झालंय. अगदी दादाची आठवण झाली." आणि रस्सा दोनदा घेतला. "सूनबाई, काय हात आहे तुमचा!"

सूनबाईला ठसका लागला. मुलगा पाणी आणायला पळाला, आणि पाणी कुठल्या भांड्यात आहे ते त्याला बरोबर ठाऊक होतं. बायकोला ठसका लागला की उठतो, एवढा गुण बापात नव्हता.

माझी छाती अशी फुगली की टाके ताणले. मी म्हटलं, "भावोजी, नुसती तारीफ नको. पुढच्या रविवारी मागचं चाक आणा. समोर खुर्ची टाकून बसा, आणि पोराला आऊट काढताना डोळ्यांनी बघा. मलाही उचलून दुकानात न्या. मग गाळ्याचं काय ते बोला."

भावोजी म्हणाले, "ठरलं."

मुलाच्या हातातलं भांडं पडलं. सून भिंतीला टेकली. एवढी सुवर्णसंधी मी आणून दिली, तर दोघांची तोंडं अशी झाली, जशी काही मीच गाळा विकलाय.

बुधवार

घरात काहीतरी शिजतंय, आणि ते चुलीवर नाही. दोघं कुजबुजतात. दुकानातून दिवसभर टिंग, टुंग, ठप, ठप. पार बिघडलं परत. म्हटलं, "अरे, काय झालं तुझ्या हाताला?" म्हणाला, "सराव करतोय." सरावाने माणूस सुधारतो म्हणतात, हा उतरणीला लागलाय.

त्यात आज रस्साही पूर्वीसारखा. पाणी एकीकडे, तिखट एकीकडे.

रविवार, रात्रीचं जेवण व्हायच्या आधी

मला मूर्ख बनवलं. माझ्याच घरात, माझ्याच खाटेच्या दोन्ही बाजूंनी.

सकाळी खुर्चीत घालून मला दुकानात नेलं. भावोजी समोर, मी बाजूला. शिलाईवाली उगाच दारात, म्हणे दोरा संपला. सायकलच्या दुकानात दोरा! मुलाने चाक स्टँडला अडकवलं, गरकन फिरवलं, कपाळाचा घाम पुसला आणि चावी लावली. टिंग. टुंग. ठप. आणखी आवळला. ठप. मी डोळे मिटले. पोराचा हात मला आवाजावरून कळला: हे तेच, जे मी पडायच्या आधी ऐकत होते. मधे जे ऐकलं ते कोणाचं?

डोळे उघडले. सून आतल्या दारात उभी. तिचा अंगठा आणि बोट हवेतल्या हवेत चावी फिरवत होते. इकडे पाव वळसा, तिकडे पाव. जिथे मुलाने फिरवायला हवी होती, बरोबर तिथे. आणि नखं काळी.

काजळी!

मी म्हटलं, "उठ रे तिथून. काहीतरी करपतंय." खरंच करपत होतं. तो उठला आणि धावला, आणि मी सांगते, इतक्या आनंदाने मी त्याला त्या स्टुलावरून कधी उठताना पाहिलं नव्हतं.

भावोजींना मग कळायला वेळ लागला नाही. ते लाल झाले. "वहिनी, म्हणजे माझ्या पुढच्या चाकाला बाईचा हात लागला?" म्हटलं, "लागला असेल. चालत होतं ना?" ते म्हणाले, "प्रश्न चालण्याचा नाही." मग कशाचा, ते त्यांनी सांगितलं नाही. अर्धवट आवळलेलं चाक उचललं, सायकलला लावलं, आणि डुलत डुलत गेले.

मग मी दोघांना पुढ्यात उभं केलं.

मुलगा म्हणाला, "आई, मला चाक कळतच नाही. एकीकडे आवळलं की दुसरीकडे वाकतं. मला सकाळी उठून दुकान उघडायची भीती वाटायची. भाजी चिरताना नाही वाटत."

सून म्हणाली, "मी माहेरी माझी सायकल स्वतःच दुरुस्त करायचे. तुम्ही विचारलं नव्हतं."

म्हटलं, "विचारलं होतं. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. सुनेला चाकाचं कोण विचारतं?"

"म्हणूनच सांगितलं नाही," ती म्हणाली.

उलट बोलते वर.

जेवणार नाही म्हणून सांगितलं. पुरुष चुलीशी उभा राहतो म्हणजे एकतर घरातली बाई मेलेली असते, नाहीतर ते हॉटेल असतं. मी मेलेली नाही. बाईने चाक हातात घेतलं तर नेमकं काय बिघडतं ते मला माहीत नाही. पण काहीतरी बिघडत असणार, नाहीतर एवढे लोक इतकी वर्षं नको नको कसे म्हणाले असते?

त्याच दिवशी, नंतर

जेवले. वास येत होता, काय करू.

मंगळवार

भावोजी तडजोड घेऊन आले. दारातच म्हणाले, "दुकान चालू ठेवू. पण लोकांसमोर पुतण्या बसेल. सूनबाई मागे, पडद्याआड. गिऱ्हाईक सायकल त्याच्याकडे देईल, तो आत सरकवेल. नाव घराण्याचं राहील आणि काम होईल. पडदा निघाला तर गाळा मोबाइलवाल्याला. मग मला बोल लावू नका."

मला हे पटलं. जगाची रीत सांभाळून पोट भरतं म्हणजे वाईट काय? शिलाईवालीने जाड निळं कापड आणून पडदा शिवून दिला.  सून पडद्यामागे स्टूल ठेवून मुकाट बसली. न बोलणारी सून मला कधी आवडली नव्हती असं नाही, पण आज आवडली नाही.

शनिवार

पडद्याची गंमत लिहायलाच हवी. मला आता रोज खुर्चीत घालून दुकानात बाजूला बसवतात, आणि मुलगा पुढे बसतो. समोर दिखाव्याला एक चाक, चाकामागे मांडीत परात, परातीत शेंगा. आज शाळेतले सर आले. "काय हो मिस्त्री, काय चाललंय?" हा म्हणाला, "सोलतोय." सर म्हणाले, "काय?" म्हणाला, "टायर."

सरांनी सायकल दिली, याने आत सरकवली. पण सर जाईनात. गप्पा मारत बसले. आतून टिंग टिंग यायला लागलं, आणि हा तर त्यांच्यासमोर हात बांधून बसलेला! सर इकडे तिकडे बघायला लागले. मग मीच माझ्या खुर्चीवरून म्हटलं, "आमच्याकडे मशीन आणलंय. नवीन आहे." सर म्हणाले, "वा! मशीन गुणगुणतंसुद्धा."

सून काम करताना गुणगुणते. कोणाला माहीत होतं?

सोमवार

सर परत आले. चाक डुलतंय म्हणाले. "तुमच्या मशीनला दाखवा जरा."

मी काठी घेतली. डॉक्टरने आता दोन पावलं टाकायला सांगितलीत, मी ती टाकली आणि पडद्यामागे गेले. सुनेला झाडायलाच गेले होते. म्हणणार होते, एवढा वाडगाभर विश्वास टाकला त्यावर तू पाणी ओतलंस.

आत गेले आणि बोलणं विसरले. अंधार. आणि उकाडा, जसं काही कोणी तोंडावर उशी धरलीय. चाकाची कड आणि ब्रेकचं रबर यांच्यात जी फट असते ती बघून आऊट काढायचा असतो. ती फट दिसेल कशी? सून नाक चाकाला लावून बसली होती. घाम डोळ्यात जात होता, पुसायची सोय नाही, हाताला ग्रीस.

"उजेड नाही आई," ती म्हणाली. तक्रार नाही, नुसतं सांगितलं.

मी तिथेच खोक्यावर बसले. ती जागा माझ्या ओळखीची आहे. पूर्वी इथेच माझी चूल होती आणि पडदाही होता, फक्त निळा नव्हता. हे बाहेर आऊट काढायचे, मी आत भाजी ढवळायचे. आवाज ऐकून मी म्हणायचे, "अहो, अजून एक सैल आहे, वर आलाय बघा." हे म्हणायचे, "तू भाजीकडे लक्ष दे." आणि मग तोच आरा आवळायचे. लांबून लांबून लोक यायचे. काय हात होता यांचा!

तिथे किती उकडतं हे मला इतकी वर्षं कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. उकडतं ते उकडतं, असं वाटायचं.

मंगळवार

रात्रभर विचार केला असं लिहिणार नाही, मी गाढ झोपते. सकाळी उठल्यावर केला.

चाकाला उजेड लागतो. उजेड दुकानाच्या तोंडाशी आहे. म्हणजे चाक तिथे जाणार. चाक तिथे गेलं की चाकाशी बसणारं माणूस तिथे जाणार. यात बाई आणि पुरुष येतातच कुठे? आणि पडद्यामागे बसवून दुकान बिघडलं तर गाळा जाणारच आहे. मग तो उजेडात जाऊ दे.

मुलाला म्हटलं, पडदा काढ. तो म्हणाला, "आई, काका..." म्हटलं, "काकांचं मी बघते. तू शेंगांचं बघ."

दोऱ्या तटातट सुटल्या. सून स्टूल घेऊन पुढे आली. आधी पार कडेला बसली, पाहुण्यासारखी. मी काठीने मधे ये म्हणून दाखवलं. ती मधे आली. सरांचं चाक तिने सगळ्या रस्त्यासमोर सरळ केलं. दोन माणसं थांबून बघत होती. एकाने विचारलं, "ताई, माझी चेन बघाल का?" एवढंच झालं. आभाळ वगैरे जागच्या जागी होतं.

पडदा शिलाईवालीकडे पाठवला. म्हटलं, कापड चांगलं आहे, पोराला ॲप्रन शिव. खिसा मोठा ठेव, तो चमचे हरवतो.

शुक्रवार

आज भावोजी आले. चालत. सायकल हाताने ओढत. मागचं चाक असं झालं होतं की ब्रेकला घासून जागचं हलेना. पुढच्या चौकातल्याने दोनदा बघितलं म्हणे, आणि दोनदा वाढवून ठेवलं.

दुकानापाशी येऊन थांबले. मधोमध सून, हातात चावी. मुलगा आतून निळा ॲप्रन घालून बाहेर आला, "काका, जेवूनच जा" म्हणाला. मी काउंटरवर, पाय खोक्यावर.

"वहिनी, पडदा?"

"काढला."

"मग मी मोबाइलवाल्याला हो म्हणू?"

  म्हटलं, "म्हणा. पण आधी एक सांगा. पुढचं चाक झकास झालं, दादाची आठवण झाली, हे कोण म्हणालं?"

"मी म्हणालो, पण तेव्हा मला..."

"रस्सा दोनदा कोणी घेतला?"

"वहिनी, तेव्हा मला कोणी केलंय ते माहीत नव्हतं!"

"म्हणजे माहीत नव्हतं तोवर चाक सरळ होतं आणि रस्सा चांगला होता. आता तुम्हाला कळलं, म्हणून चाक वाकलं की काय? तसं असेल तर भावोजी, दोष त्या चाकात नाही. आणि मलाही तेव्हा माहीत नव्हतं, मी तर सगळ्या गल्लीला सांगत सुटले होते. मी माझे शब्द गिळले. तुम्ही रस्सा गिळा. तुमचं तुलनेत सोपं आहे."

शिलाईवालीच्या दुकानातून खोकल्याचा आवाज आला.

भावोजी रस्त्याकडे बघायला लागले. मागे दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली होती. एक म्हणाला, "काका, रांगेत आहात की नुसते उभे आहात?"

भावोजींनी सायकल स्टँडवर लावली. पुतण्याला विचारलं, "कधी मिळेल?"

तो म्हणाला, "मला काय विचारता काका? मी भात टाकलाय." आणि आत गेला.

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी कांदे निवडायला घेतले. शेवटी ते वळले. आमच्या घरात इतकी वर्षं येतात, पण काही विचारायला ते सुनेकडे वळलेले मी पहिल्यांदाच बघितले.

"सूनबाई," ते म्हणाले, "कधी होईल?"

सुनेने मान वर केली नाही. ती फट बघत होती.

"उद्या. पण दुपारून या, सकाळी गर्दी असते."

ते बरं म्हणाले. हसू दाबताना माझे टाके दुखले.